एल्वाचं रेलिश

ऑस्ट्रेलियातल्या कॅरोज वेल गावात कोणी कोणाचं दार वाजवत नाही. मागच्या अंगणातून यायचं, जाळीच्या दारातून हाक मारायची आणि आत शिरायचं, अशी तिथली रीत. पण बायको, एल्वा, गेल्यापासून लोक रॉस पेंगिलीचं दार वाजवायला लागले होते. त्या गुरुवारी मार्ज नित्शकेनेही वाजवलं, तेव्हाच रॉसच्या लक्षात आलं की ही काहीतरी मागायला आली आहे.

त्याने चहाचं आधण ठेवलं. मार्ज टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसली. पलीकडची खुर्ची एल्वाची होती आणि तिच्यावर आता नुसती वर्तमानपत्रं साठली होती. मार्ज आधी पावसाबद्दल बोलली, मग गव्हाबद्दल, मग पर्थला असलेल्या रॉसच्या मुलीबद्दल. रॉस हूं हूं करत राहिला. गेले काही महिने तो असाच बोलत होता. बोलायची सवय सुटली की घशात काहीतरी गंजल्यासारखं होतं, आणि ते त्याला जाणवत होतं.

शेवटी मार्जने कप खाली ठेवला. "रॉस, एल्वाची एखादी बरणी उरलीय का रे?"

उरली होती. एकच.

दरवर्षी मे महिन्यात, तिकडचा हिवाळा सुरू होताना, थंडीने टोमॅटोची रोपं जळून जायच्या आधी, एल्वा झाडावरचे सगळे हिरवे टोमॅटो उतरवून आणायची. त्यांत सफरचंदं, कांदे, साखर, व्हिनेगर आणि मसाले घालून मोठं पातेलं चुलीवर चढवायची. दिवसभर घरात तो आंबटगोड वास भरून राहायचा. पडद्यांनासुद्धा लागायचा. यंदाही तिने ते केलं होतं. काही बरण्या मुलीकडे गेल्या, काही चर्चच्या स्टॉलवर. मग जुलैत ती आजारी पडली आणि आजार फार लांबला नाही. तिच्या मयतीला आलेल्या लोकांना बायकांनी जे सँडविच दिले, त्यांत तिच्याच बरणीतलं लावलं होतं. लोक खाता खाता म्हणाले, किती छान झालंय, आणि मग एकदम गप्प झाले.

पुढे ऑगस्टमध्ये साखर शोधताना रॉसला पिठाच्या डब्यामागे ही एक बरणी सापडली. त्याने ती होती तिथेच परत ठेवली. त्यानंतर तो थंड मटण नुसतंच खायचा.

"आहे एक," तो म्हणाला.

"मग ऐक. कमिटीशी मी बोललेय. ज्याने वस्तू केली त्यानेच ती गावच्या शेतकी शोमध्ये स्पर्धेला ठेवायची, असा नियम आहे, पण यंदा एवढ्यापुरता तो बाजूला ठेवायला सगळे तयार झाले. तिच्या नावाने ठेवायची बरणी. फक्त रेलिशमध्ये नको. चटणीत ठेवू या."

रेलिश की चटणी, हे भांडण गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

चटणी हा शब्द आपलाच, पण तिकडे चटणी वाटत नाहीत, शिजवतात. फळं, कांदा, साखर आणि व्हिनेगर एकत्र करून मंद आचेवर तासन् तास ठेवायचं. लाकडी चमचा पातेल्याच्या तळावरून ओढला की मागे वाट उमटली पाहिजे आणि ती चटकन बुजता कामा नये. कुठला तुकडा सफरचंदाचा आणि कुठला टोमॅटोचा हे ओळखू येता कामा नये. आपल्याला जवळचं सांगायचं तर मेथांबा. बरण्या भरल्यावरही लगेच खायची नाही. अंधारात ठेवून मुरू द्यायची. रेलिशचं तसं नाही. भाजी बारीक चिरायची, मीठ लावून पाणी काढायचं, थोडकंच शिजवायचं, हळद-मोहरी आणि चमचाभर पीठ लावून रस दाट करायचा. तुकडा दाताखाली आला पाहिजे. आज केलं की पुढच्या आठवड्यात खाल्लं. चटणी ताटाच्या कडेला, थंड मटणाबरोबर किंवा चीजबरोबर. रेलिश सॉसेजवर, पावात. दुकानात बरण्यांवर वाटेल ते छापतात आणि घरोघरी लोक वाटेल ते म्हणतात, पण शोच्या हॉलमध्ये हे दोन शब्द दोन टेबलांवर असतात. या टेबलावरची बरणी त्या टेबलावर चालत नाही.

आता एल्वाचं पातेलं दिवसभर शिजायचं. तुकडा म्हणून काही उरायचं नाही. रंग काळपट. मेमध्ये केलेलं ऑक्टोबरमध्ये शोला जायचं तेव्हा कुठे त्याला खरी चव यायची. कुठल्याही मापाने मोजलं तरी ती चटणी होती. आणि एल्वा दरवर्षी ती रेलिशच्या टेबलावर ठेवायची.

दरवर्षी परीक्षक कार्डावर तेच लिहायच्या. चव उत्तम, पण ही चटणी आहे. परीक्षक बऱ्याच वर्षांपासून त्याच होत्या, लांबच्या गावाहून येणाऱ्या मिसेस ऑड्री लॉईड. शोवरून परत येताना एल्वा ते कार्ड गाडीत समोर टेकवून ठेवायची. स्मशानाच्या वळणापाशी तिचं बोलणं सुरू व्हायचं ते घराच्या फाटकापर्यंत. म्हणे चटणी. माझ्या आईने आम्हाला हे रेलिश म्हणून वाढलं, आता या लॉईडबाईच्या सांगण्यावरून मी आईला खोटं पाडू? रॉस गाडी चालवत हूं हूं करायचा. त्याला दोन्हींतलं काही कळत नव्हतं. तो त्याला 'ते तुझं' म्हणायचा. ते तुझं दे जरा इकडे.

"चटणीत ठेवली तर पहिल्या नंबराची निळी फीत तिचीच," मार्ज म्हणाली. "डोळे मिटून सांगते. इतकी वर्षं मी त्या टेबलांमागे उभी आहे. आमच्यातल्या कोणाच्याच चटणीला ती सर नाही. माझ्यासुद्धा. एकदा तरी मिळू दे रे तिला."

रॉसला मार्ज म्हणत होती ते पटलं. कारण एक गोष्ट मार्जला माहीत नव्हती, त्याला होती. एल्वाला फीत हवी होती. ती तसं कधी म्हणाली नाही, कार्डाची टिंगल करायची, पण निकाल लागल्यावर दुसऱ्यांच्या फिती बघत ती जरा जास्त वेळ उभी राहायची. रॉस पाठीमागे तिची पर्स धरून उभा असायचा, म्हणून त्याला दिसायचं.

"ठेव मग चटणीत," तो म्हणाला.

मार्जने उठताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दारात थांबून म्हणाली, "लेबल तेवढं बदल हं. तिने रेलिश लिहिलं असेल. ज्या वर्गात ठेवायची त्याचंच नाव लागतं, नाहीतर दारातच परत करतात."

ती गेल्यावर त्याने बरणी काढली. झाकणावर थोडी धूळ होती. लेबलावर एल्वाच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, हिरव्या टोमॅटोचं रेलिश, आणि खाली महिना. तिचा शेवटचा मे. बरणी उघडली की परीक्षक चमच्याने खातील, मग ती दोन दिवस हॉलमधल्या गर्दीच्या उकाड्यात राहील, आणि परत येईल ती उघडलेली बरणी असेल. हे त्याला होय म्हणताना कळत होतं. लेबलाचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्याने पातेलीत कोमट पाणी घेऊन बरणी त्यात उभी केली आणि बाहेर कोंबड्यांना दाणे टाकायला गेला. परत आला तेव्हा कागदाचा एक कोपरा सुटला होता. बाकीचा त्याने अंगठ्याने हळूहळू सोडवला. शाई पसरू नये म्हणून जपत होता, पण एका बाजूची अक्षरं पसरलीच. मग नवं लेबल लावून त्याने त्यावर लिहिलं. आयुष्यभर त्याने लिहिलं ते लोकरीच्या गाठींवर, काळ्या रंगाने, मोठ्या सुट्या अक्षरांत. त्याच अक्षरांत त्याने चटणी असं लिहिलं. ते एखाद्या गाठीवरच्या शिक्क्यासारखं दिसत होतं. एल्वा हसली असती. तो तसाच थोडा वेळ उभा राहिला, जणू ती हसायची वाट पाहत होता, आणि मग त्याने पातेलीतलं पाणी बाहेर गुलाबाला घातलं.

शुक्रवारी सकाळी बरणी मांडीत धरून त्याने गाडी चालवली. शेजारची सीट रिकामी होती, पण सीटवर ठेवली तर वळणावर घरंगळेल असं त्याला वाटलं.

हॉलच्या दारात मार्ज होती. तिने बरणी हातात घेतली, झाकण कापडाने पुसलं, लेबल बघितलं आणि क्षणभर ओठ आवळले. मग नंबराचा कागद चिकटवून ती आत घेऊन गेली. नाव कुठेच नसतं. कोणाची बरणी कुठली हे परीक्षकाला कळता कामा नये, म्हणून तपासणी चालू असताना हॉल बंद असतो आणि आत फक्त परीक्षक आणि मदतीची बाई. बरणीच्या मालकाने तेव्हा आत पाऊल टाकलं की त्याची बरणी बाद.

हॉलची दारं लागली. रॉस मेंढ्यांच्या कुंपणाकडे गेला. तिथे त्याचा शेजारी ट्रेव्ह क्लाइनिग एका मेंढ्याची लोकर बोटांनी फाकून बघत होता. त्याने मान वर केली.

"काय रे, इस्त्रीचा शर्ट आज? कोण मेलं?"

म्हणून झालं आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग त्याने टोपी काढून परत घातली. "फुटकं तोंड आहे माझं."

"असू दे," रॉस म्हणाला. शर्टाला त्याने स्वतः इस्त्री केली होती. कॉलर एका बाजूला जळकी झाली होती.

ते दोघं कुंपणाला रेलून उभे राहिले. ट्रेव्हला चूक भरून काढायची होती, म्हणून तो नेहमीपेक्षा जास्त बोलत होता. यंदाच्या मेंढ्या, त्यांचे पाय, परीक्षक म्हणून आलेला कोणी पोरगेला माणूस ज्याला मेंढी आणि बकरी यांतलं कळत नाही. रॉस ऐकत होता आणि अधूनमधून हॉलच्या बंद दाराकडे बघत होता. ट्रेव्हने ते पाहिलं. तो मऊ आवाजात म्हणाला, की मार्ज सांगत होती, यंदा बरणी चटणीत ठेवली आहे.

"हो."

"म्हणजे नमली म्हण की शेवटी म्हातारी." तो हसला. त्याचा एल्वावर जीव होता. दरवर्षी निकालानंतर तिला चिडवणाऱ्यांत तो पहिला असायचा. "मला वाटलं नव्हतं हां कधी नमेल असं."

रॉसने कुंपणावरचे हात काढले.

एल्वा नमली नव्हती. ट्रेव्ह दरवर्षी चिडवायचा आणि दरवर्षी ती त्याला असं काही ऐकवायची की आजूबाजूचे लोक हसायचे आणि ट्रेव्ह कान खाजवत निघून जायचा. आज तो चिडवून गेला आणि ऐकवायला कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत ज्या गोष्टीला ती एकदाही हो म्हणाली नाही, तिला रॉस चहाच्या एका कपावर हो म्हणून आला होता. तिच्या नावाने. संध्याकाळपर्यंत सगळं गाव हेच म्हणेल, प्रेमानेच म्हणेल, की शेवटी नमली. आणि मग ते तसंच राहील.

ट्रेव्हने मागून हाक मारली, पण तो थांबला नाही. हॉलची पुढची दारं बंद होती, म्हणून तो स्वयंपाकघरातून गेला. तिथे पिठाने हात भरलेल्या बायकांनी त्याला पाहिलं. कोणीतरी म्हणालं, रॉस, आत्ता नाही जायचं. तो आत गेला.

हॉलमध्ये गार आणि शांत होतं. मिसेस लॉईड पांढरा कोट घालून चटणीच्या टेबलापाशी उभ्या होत्या. उंच, म्हाताऱ्या, चष्मा दोरीला. समोर चमचे, पाण्याचा ग्लास आणि कोरडी बिस्किटं. मार्ज त्यांच्या मागे. एल्वाच्या बरणीचं झाकण काढलेलं होतं आणि मिसेस लॉईडच्या हातात निळी फीत होती.

"ती बरणी चुकीच्या टेबलावर आहे," रॉस म्हणाला.

मार्जने डोळे मिटून घेतले. मिसेस लॉईड चष्म्यावरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही काय केलंत, कळलं का तुम्हाला?"

"कळलं," रॉस म्हणाला. नियम त्याला पाठ होता. फक्त आत येताना आठवला नव्हता.

"आता मला ही तपासता येणार नाही."

"हो."

"पहिली येत होती ही. आत्ता, या मिनिटाला." त्यांनी फितीकडे बघितलं आणि ती शेजारच्या बरणीपुढे ठेवली. त्या शेजारच्या बरणीला पहिल्या नंबराचं काही विशेष नव्हतं, हे त्यांच्या ठेवण्यावरूनच दिसत होतं. मग त्यांनी हात कोटाला पुसले. "म्हणजे ही तुमची. दरवर्षीची. चव घेतली आणि मी मार्जला म्हटलं, आली एकदाची बाई आपल्या टेबलावर. म्हणजे ती बाई नव्हेच होय, तुम्ही?"

"माझी नाही. माझ्या बायकोची. आणि ती आली नाही. मी आणली."

मार्ज काहीतरी बोलायला पुढे झाली. रॉसने तिच्याकडे बघितलं आणि ती थांबली.

मिसेस लॉईडना हे कळलं नाही. त्या आता चिडलेल्याही दिसत नव्हत्या. इतक्या वर्षांत त्या चवीचं माणूस प्रथमच समोर आलं होतं, निदान त्याचा नवरा तरी. "तिला सांगा," त्या म्हणाल्या, "की नाव बदल. मी लिहून लिहून थकले. हट्टी आहे हो फार."

"आहे," रॉस म्हणाला.

"ही चटणीच आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी दुसरं काही म्हणणार नाही. पातेल्यात किती वेळ असतं हे? दिवसभर? मग? रेलिश दिवसभर शिजवलं तर त्याचा लगदा होतो."

रॉसला बोलायचं होतं आणि कसं सुरू करावं हे कळत नव्हतं. एल्वा पातेलं ढवळता ढवळता बोलायची आणि तो दारात बूट काढत ऐकायचा, अर्धं ऐकायचा. आता ते अर्धं त्याने गोळा केलं.

"तिची आई मुलगी असताना मोठ्या घरात कामाला होती," तो म्हणाला. "मेंढ्यांच्या मोठ्या मालकाकडे. स्वयंपाकघरात. तिथे हे शिकली. तिथे याला चटणीच म्हणायचे. चांदीच्या भांड्यात घालून टेबलावर जायची आणि उरलेली परत यायची, पण नोकरांनी तिला हात लावायचा नाही. मग लग्न झालं, स्वतःचं घर झालं, तेव्हा तिने पहिल्या वर्षी हेच केलं. तसंच, दिवसभर शिजवून. नवऱ्याने विचारलं हे काय, तर म्हणाली रेलिश. चटणी त्यांची. हे आपलं." तो थांबला. एवढं एका दमात तो कित्येक दिवसांत बोलला नव्हता. "कसं शिजवलं त्याचं नाव नाही ते. कोणी खायचं त्याचं आहे."

मिसेस लॉईडनी ते ऐकून घेतलं. त्यांनी बरणीत परत एकदा चमचा घातला आणि खाल्लं. तपासणीसाठी नव्हे. 

"त्या बाईंच्या घरात ते रेलिश होतं," त्या म्हणाल्या. "मान्य. पण माझ्या टेबलावर ती चटणी."

"तिला ते मान्य नाही."

"माहीत आहे मला. म्हणून तर येते दरवर्षी. इतर ठिकाणची बोलावणी असतात, पण मी म्हणते, कॅरोज वेलला जाते, तिथे एक बाई आहे, बघू यंदा तरी ऐकते का." त्यांनी झाकण लावलं आणि बरणी त्याच्या हातात दिली. "आणि विचारा तिला, यंदा लवंग कमी घातली का. काहीतरी वेगळं आहे. जास्त चांगलं आहे."

मार्जने तोंड फिरवलं आणि टेबलावरचे चमचे उगाच सरळ करायला लागली.

"विचारतो," रॉस म्हणाला.

तो आल्या वाटेने बाहेर पडला. गाडीपाशी पोहोचतो तोवर मार्ज धावत आली, धापा टाकत.

"हातात होती रे फीत तिच्या," ती म्हणाली. "हातात होती."

"बघितली मी."

"कमिटीशी भांडले मी. तुला ठाऊक नाही काय काय बोलले लोक."

रॉस म्हणाला, की ठाऊक आहे, आणि त्याला वाईट वाटतंय. ते खरं होतं. फीत गेली होती ती एल्वाची, आणि आता पुढल्या वर्षी वगैरे काही नव्हतं. मार्जने एप्रनने नाक पुसलं.

"सांगितलं का नाहीस बाईंना?"

"तू का नाही सांगितलंस?"

मार्ज हॉलकडे वळली. "ती अशी बोलत होती ना," ती म्हणाली, "जसं काही एल्वा बाहेर गाडीत बसलीय. मला वाटलं, बोलू दे." मग ती परत गेली, कारण आत अजून लोणच्यांचं टेबल राहिलं होतं.

घरी येताना स्मशानाच्या वळणावर त्याने गाडी हळू केली, पण थांबला नाही. बरणी मांडीतच होती. झाकणाच्या कडेला थोडं लागलं होतं आणि गाडीत तो वास आला होता.

संध्याकाळी त्याने थंड मटण कापलं. पाव कापला. बरणी टेबलावर ठेवली. आता ती परत पिठाच्या डब्यामागे ठेवण्यात काही अर्थ नव्हता. उघडलेलं होतं ते, ठेवलं तर बुरशी धरली असती. त्याने पलीकडच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून खाली ठेवली. का ते त्याला सांगता आलं नसतं.

"लॉईडबाई भेटली," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात आवाज मोठा वाटला. त्याने जरा हळू आवाजात सांगितलं की चटणीच म्हणते अजून, ऐकत नाही. पुढचं एल्वाने बोलायचं होतं. तिथून पुढे त्याला कधी बोलावंच लागलं नव्हतं, नुसतं हूं करायचं होतं. फ्रिज सुरू झाला आणि काही वेळाने बंद झाला. ते रेलिश आहे की चटणी, हे म्हणायला समोर कोणी तरी लागतं. एकट्या माणसाला ताटात घ्यायला नावाची गरज नसते. हात लांब केला की झालं.

"लवंगेचं विचारत होती," तो म्हणाला.

मग त्याने पावाच्या तुकड्यावर थोडं घेतलं आणि खाल्लं. गोड, आंबट, मागून तिखट. लवंग होती. कमी होती की नेहमीएवढीच होती, हे त्याला कळेना. त्याने चमच्याने नुसतंच घेतलं आणि जिभेवर धरून ठेवलं. गेल्या वर्षीचं आठवायचा प्रयत्न केला. गेल्या वर्षी ते रोज या टेबलावर होतं आणि तो हवामानाच्या बातम्या ऐकत खात होता. तिने यंदा काही बदललं असेल तर ती म्हणालीही असेल, पातेल्यापाशी उभी राहून, आणि तो दारात बूट काढत असेल. ताडून बघायला जुनी बरणी नव्हती. होती ती एवढीच, आणि तिच्यातलंही गळ्याच्या खाली गेलं होतं.

त्याने आणखी एक चमचा घेतला आणि या वेळी घाई केली नाही.